गुरुवारी येणारा रविवार

निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या वनिताबाईंनी विचारलं, पुण्याकडे काय, बहिणीला भेटायला? मी म्हटलं, बहीण हे निमित्त, आपली वीज जाते कुठे ते एकदा बघून येते. त्यांना ती थट्टा वाटली. अर्धी थट्टा होतीच, पण अर्धी नव्हती.

आमची वसाहत चंद्रपूरकडची, वीज केंद्राची. नोकरीची सगळी वर्षं मी तिथल्या प्रयोगशाळेत कोळसा तपासण्यात घालवली. गाडीतून कोळसा उतरला की त्याचा नमुना आमच्या टेबलावर यायचा. ओलावा किती, राख किती, जळण्याजोगा कार्बन किती, हे मी काढून द्यायची. पुढे तो कोळसा जळायचा, चाकं फिरायची, आणि कुंपणापलीकडच्या मनोऱ्यांवरून तारा पश्चिमेकडे निघून जायच्या. जेवणाच्या सुट्टीत आम्ही म्हणायचो, चालली आपली लेक सासरी. त्या सासरी काही मी कधी गेले नव्हते.

आता आमच्याकडचा सगळ्यात जुना वीजनिर्मितीचा संच बंद होणार असं बोललं जातंय. वसाहतीत सुतक असल्यासारखे चेहरे आहेत. कोळशाचे दिवस भरले, आता सूर्याची चलती, असं जो तो म्हणतो, आणि म्हणताना माझ्याकडे बघतो, जणू मीच तो कोळसा. मला राग येतो. तेव्हा बहिणीनं "ताई, ये की एकदा" म्हणताच मी तिकीट काढलं. शनिवारी पोचायचं, रविवारी सगळ्यांना घरी गाठायचं, बुधवारी परत. आखणी चोख होती. ती किती चोख होती हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

रहाटणी, रविवार

माझी धाकटी बहीण कुंदा लग्न होऊन इकडे आली त्याला आता जमाना लोटला. तिचे यजमान मिलिंदराव एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेत. कुंदा स्वतः एका कंपनीच्या कँटीनची देखरेख करते. काळेवाडीच्या बाजूला, रहाटणीत त्यांचं दोन मजली घर आहे. खाली चपलांचं दुकान भाड्यानं दिलंय, वर ही माणसं राहतात.

रविवारी सकाळी मी जरा उशिराच उठले. म्हटलं, सुट्टीचं घर आहे, कुणाला घाई नसेल. बाहेर येऊन बघते तर कुंदा साडी नेसून तयार, ओट्यावर डब्यांची रांग, आणि भाची प्राजक्ता हेल्मेट शोधतेय.

"काऊन वो कुंदा, रविवारचे कुठं निघाले सारे?" मी विचारलं.

"कामावर," ती म्हणाली. "ताई, आमचा रविवार गुरुवारी असतो."

मला वाटलं, ही गंमत करतेय. पण खालच्या गल्लीत उतरून बघितलं तर खरंच, पाठीला डबे लावलेली माणसं चौकात कंपनीच्या बसची वाट बघत उभी होती. मिलिंदरावांनी मला चहा देता देता सगळं समजावलं. पूर्वी वीज पुरत नव्हती, तेव्हा सगळे कारखाने एकाच दिवशी चालू आणि एकाच दिवशी बंद नकोत, म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळी सुट्टी वाटून दिली होती. या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. पुढे टंचाई कमी झाली, बऱ्याच नव्या कंपन्यांनी रविवारही धरला, पण जुन्या वस्त्यांतून गुरुवार काही गेला नाही. लग्नाची बैठक गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, दाढी-कटिंगला गर्दी गुरुवारी. मटणसुद्धा गुरुवारीच. ज्यांच्या घरी गुरुवारचा उपास असतो त्यांची मोठीच पंचाईत होते, असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

आमच्या ऑफिसात भारनियमनाची परिपत्रकं यायची, त्यात ही सुट्ट्यांची वाटणी असायची. मी त्यांवर सही करून पुढच्या टेबलावर सरकवायची. त्या कागदानं कुणाचा रविवार उचलून गुरुवारी नेऊन ठेवला असेल, हे कधी मनातही आलं नाही. आणि आता मी बुधवारचं तिकीट काढून बसलेली. म्हणजे चार दिवस राहून बहिणीच्या घरातली एकही सुट्टी माझ्या वाट्याला येणार नव्हती.

मिलिंदरावांनी त्याच दिवशी ते तिकीट रद्द करून शुक्रवारचं काढलं. पाहुणी मटण न खाता गेली तर गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणाले. स्वतः निवृत्त आहेत, रोजच सुट्टी. तरी गुरुवारी ते भाजीसुद्धा आणत नाहीत. ती त्यांची हक्काची सुट्टी आहे, आणि हक्क सोडायचा नाही हे ते युनियनमध्ये शिकलेत.

चाकण, सोमवार

प्राजक्ताबद्दल आता सांगायला हवं, कारण माझी ही सगळी सहल शेवटी तिच्याभोवतीच फिरली. पोरगी तिशीची, इंजिनियर. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून तिनं चाकणला एक शेड भाड्यानं घेतली आणि त्यात विजेवर चालणारी एक जुनी भट्टी आणून बसवली. त्या भट्टीत ती इलेक्ट्रिक स्कूटरचे शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारे लोखंडी दांडे, पक्के करते. शाफ्ट लालबुंद तापवायचे, भट्टीत कार्बनवाला वायू सोडायचा, पंख्यानं तो सगळीकडे सारखा खेळवायचा. कार्बन लोखंडाच्या वरच्या कातडीत मुरतो. मग एकदम तेलात बुडवायचे. कातडी दगडासारखी कडक होते, आतलं लोखंड मात्र चिवट राहतं. मी जन्मभर कोळशातला कार्बन मोजला आणि भाची तोच कार्बन लोखंडात मुरवतेय, हे ऐकून मला उगाचच धन्य वाटलं.

पण तिची गोष्ट सुखाची चाललेली नव्हती. एका स्कूटर कंपनीनं तिला नमुन्याचे शाफ्ट दिले होते. पास झाले तर कायमचं काम मिळणार होतं. पहिला नमुना मधेच वीज झटकल्यामुळे वाया गेला. कंपनीनं दुसरा दिला आणि तोच शेवटचा, असं स्पष्ट सांगितलं. शुक्रवारी सकाळी तो पोचवायचा होता. नाही जमलं तर महिनाअखेरीला शेड सोडायची, भट्टी विकायची आणि पुन्हा नोकरी शोधायची. शेड मागायला एक गोदामवाला टपलेलाच होता. हे सगळं तिनं मला मोशीच्या पुढे, तिच्या स्कूटरवर मागे बसवून, वाऱ्याशी भांडत ओरडून सांगितलं. स्कूटर अर्थात विजेवरचीच. इंद्रायणीच्या पुलावर तिनं सांगितलं की चार्ज जरा कमी आहे, तेव्हा मावशी, सरळ बस आणि हलू नकोस. मी हलल्यानं बॅटरी संपते का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.

चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, एवढंच मला माहीत होतं. कांदा अजून आहे, पण त्याच रस्त्यावर नव्याकोऱ्या गाड्या पाठीवर घेतलेले लांबच लांब ट्रेलर उभे असतात. चौकात आम्ही इतका वेळ अडकलो की शेजारच्या टेम्पोतल्या कांद्याला कोंब फुटेल असं वाटलं. आमच्याकडे एवढा वेळ रस्ता बंद राहिला तर समजावं मोर्चा आहे. इथे कुणी मान वर करूनसुद्धा बघत नाही.

प्राजक्ताच्या शेडीचे मालक आबा. जुने गाववाले, धोतर-टोपीतले, पूर्वीचे कांद्याचे बागायतदार. अर्धी जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी शेडी बांधून भाड्यानं दिल्या. विहीर मात्र बुजवू दिली नाही. तिच्याभोवती आंबा, त्याखाली बाज, बाजेवर आबा. प्राजक्ताच्या भिंतीला लागून दत्ताभाऊंची शेड. दत्ताभाऊ लातूरकडचे, चार प्रेस मशीनचे मालक. पत्र्याला ठोकून मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीचे भाग काढतात. त्या प्रेस चालू असल्या की पायाखालची फरशी दाणदाण हलते.

त्या दिवशी प्राजक्तानं कंपनीचे शाफ्ट पेटीतच ठेवले आणि भंगारातले तुकडे घालून नुसती चाचणी केली. सकाळ छान गेली. जेवणाची सुट्टी संपली, शेजारी घंटा झाली, आणि चारही प्रेस एकदम चालू झाल्या. आमच्या डोक्यावरची ट्यूबलाइट मंदावली. भट्टीच्या पॅनेलमध्ये खट् असा आवाज झाला आणि पंखा थांबला. पंखा थांबला की आतला वायू बिघडतो, कातडी एकसारखी मुरत नाही, संपला खेळ. प्राजक्ता स्टुलावर बसली आणि हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मला फार वाईट वाटलं.

वाईट वाटलं की मी भांडते, हा माझा स्वभाव. तशी मी दत्ताभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि उलट तक्रार माझ्याच पदरात टाकली. ही भट्टी आल्यापासून त्यांच्या प्रेसचा दम जातो. सकाळी भट्टी तापायला लावली की मोटारी अडखळतात, पत्रा साच्यात अडकतो.

"मी काय मुद्दाम करलालो का, ताई?" ते म्हणाले. "माझी पोरं कामावर बसून राहतेत तवा मला कुणी इचारायला येत न्हाई. आन् तुमच्या ह्या बिनधुराच्या गाड्या समद्यांनी घेतल्या तर पेट्रोलची टाकी कुणाला पायजे? मी जावं कुठं?"

हा प्रश्न मी आमच्या वसाहतीत रोज ऐकते, फक्त टाकीच्या जागी कोळसा असतो. भाचीच्या बाजूनं भांडायला गेले आणि मनातून त्यांच्या बाजूची होऊन परत आले.

आबांच्या घरून जेवण आलं होतं, मासवडी आणि रस्सा. नावाला भिऊन मी आधी विचारलं, यात मासा कुठला? मासा नव्हताच. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, कापल्यावर माशाच्या तुकड्यासारखी दिसते म्हणून ते नाव. आमच्या पाटवडीची ही श्रीमंत मावसबहीण. भांडण करून आलेल्या माणसाला भूक चांगली लागते. मी पोटभर जेवले. प्राजक्ता नुसती वडी फिरवत होती.

तिचा विचार सरळ होता. गुरुवारी दत्ताभाऊंच्या प्रेस बंद असतात, त्या दिवशी खरा नमुना भट्टीत घालायचा.

पिंपळे सौदागर, मंगळवार

मंगळवारी प्राजक्ता शेडीवर गेली आणि मी संध्याकाळी कुंदाबरोबर तिच्या मैत्रिणीकडे पिंपळे सौदागरला गेले. रहाटणीच्या एका चौकापलीकडे काय जग बदलतं बघा. उंच उंच सोसायट्या, प्रत्येकीच्या फाटकाशी वही घेतलेला पहारेकरी, आणि आत झाडंसुद्धा कापून चौकोनी केलेली. मैत्रीण आठव्या मजल्यावर राहते. पण आठव्या मजल्यावर पोचलोच नाही, कारण लिफ्ट बंद होती आणि खाली पार्किंगमध्ये भांडण चालू होतं.

भांडण गाड्या चार्ज करण्यावरून होतं. सोसायटीत विजेच्या गाड्या वाढल्या. सगळे ऑफिसातून एकाच वेळी परत येतात, येतात ते गाडीला वायर लावतात, वर जाऊन एसी आणि गिझर लावतात, आणि मुख्य स्विच पडतो. छतावर सूर्याचे पॅनेल आहेत, अगदी डौलदार. पण ते भर दुपारी वीज देतात, तेव्हा गाड्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात उभ्या असतात. एक गृहस्थ टाय सैल करून सांगत होते की छतावर बॅटरी बसवा. दुसरे म्हणत होते की आधी लिफ्ट चालू करा, माझी आई वर अडकलीय. तिसऱ्यांनी तर पेट्रोलच बरं होतं असं म्हणून टाकलं, आणि दोघंजण त्यांच्या अंगावर धावले.

कुंदा माझा हात ओढत होती, पण मला हलवेना. हा आमचाच जुना रोग होता, फक्त छोट्या भांड्यात. आमच्याकडे दिवसभर सगळं शांत असायचं आणि दिवेलागणीला कंट्रोल रूममधल्या लोकांचे चेहरे बदलायचे. सगळं राज्य एकाच वेळी बटणं दाबतं. दुपारी नको तेवढी वीज आणि संध्याकाळी हवी तेवढी नाही, यावर मोठी मोठी माणसं डोकं धरून बसलीयत. कोळसा की सूर्य हा वाद आम्ही वसाहतीत घालत बसतो. इथे त्या पार्किंगमध्ये उभं राहून वाटलं, वीज कुणी केली यापेक्षा ती सगळ्यांना एकाच क्षणी हवी आहे, हेच जास्त अडचणीचं आहे. तेवढं कळायला एवढ्या लांब यावं लागलं.

घरी आलो तर प्राजक्ता पायरीवर बसलेली. वीज मंडळाचा संदेश आला होता. गुरुवारी चाकणच्या त्या भागात लाइनची दुरुस्ती, दिवसभर पुरवठा बंद. सुट्टीचा दिवस असतो म्हणून दुरुस्तीही त्याच दिवशी धरतात, यात त्यांची काही चूक नाही. पण तिचा गुरुवार गेला. हातात फक्त बुधवार राहिला, आणि बुधवारी दत्ताभाऊंच्या चारही प्रेस चालू.

"मावशी, मी नोकरी सोडायला नको होती," ती म्हणाली. एवढं एकच वाक्य बोलली आणि आत गेली.

मी मिलिंदरावांना पार्किंगमधलं भांडण सांगितलं आणि म्हटलं, दत्ताभाऊंच्या प्रेस आणि हिची भट्टी एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत, दोघांनी एकमेकांना वेळ दिली तर कुणाचंच बिघडणार नाही. ते म्हणाले, खरं आहे, पण सोमवारी भांडून आलात, आता वेळ कोणत्या तोंडानं मागणार? मी म्हटलं, तोंडानं नाही, डब्यानं मागू.

चाकण, बुधवार

पहाटे उठून मी गोळाभात केला. हा आमच्या विदर्भाचा. भातात मसालेदार बेसनाचे गोळे वाफवायचे, वाढताना वरून लसणाचं कडकडीत तेल सोडायचं. मोठं पातेलं भरून केला, दत्ताभाऊंच्या सगळ्या माणसांना पुरेल एवढा. कुंदानं कँटीनमधून सुट्टी घेतली. बुधवारी सुट्टी घेणारी ती त्यांच्या कँटीनमधली पहिलीच असावी. मिलिंदराव, कुंदा, पातेलं आणि मी रिक्षात, प्राजक्ता स्कूटरवर पुढे.

आबा बाजेवर होतेच. मी दत्ताभाऊंना तिथेच बोलावलं आणि सोमवारचं माझं बोलणं मागे घेतलं. मग माझं म्हणणं मांडलं. आज जेवणानंतर भट्टीचा खेळ संपेपर्यंत प्रेस थांबवा. त्याच्या बदल्यात सकाळी तुमच्या प्रेस चालू होईपर्यंत भट्टी तापायला लागणार नाही. दत्ताभाऊ ऐकत होते, पण पटत नव्हतं. अर्जंट माल होता, माणसं रिकामी बसवायची म्हणजे नुकसान. आणि आज दिलं तर उद्याही मागणार, अशी त्यांना धास्ती.

आबा मधेच उठले आणि विहिरीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले.

"ही हीर चार भावांत व्हती," ते म्हणाले. "समद्यांनी एकदम मोटा जुपल्या आस्त्या तर तळ दिसला आस्ता. म्हून पाण्याची पाळी लावली व्हती. एकाचं भिजलं की दुसऱ्यानं धरायचं. चौघांचे कांदे निघाले. ही डीपी तर आमच्या हिरीपरीस ल्हान हाय. हिची पाळी लावाया काय व्हतंय?"

इथे ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपी म्हणतात. आबांनी पुढे दत्ताभाऊंकडे बघून विचारलं, एकदम चारी बैल कुणी उठवतं का? म्हणजे प्रेस चालू करतानासुद्धा एकीनंतर एक, मधे दम खाऊन. प्राजक्ता लगेच पुढे सरसावली. तेवढं केलं तर रोज प्रेस बंद ठेवायचीही गरज नाही, झटका एकदम चार सुरू होताना बसतो, एकेक केल्यावर बसणार नाही, असं तिनं सांगितलं. फक्त आज धोका पत्करायला नको, आज तेवढ्या बंद ठेवा. दत्ताभाऊ डोकं खाजवत म्हणाले, माल मग संध्याकाळी ओव्हरटाइमला काढावा लागेल. आबांनी त्यांच्यातर्फे होकार देऊनच टाकला. मालक असल्याचा एवढा फायदा ते घेतात.

जेवणाच्या घंटेला चारही प्रेस थांबल्या. पायाखालची फरशी स्तब्ध झाली तेव्हा कळलं की आपण किती वेळ दात आवळून उभे होतो. प्राजक्तानं पेटी उघडली, शाफ्ट एकेक करून जाळीत लावले आणि भट्टीचं दार लावलं. मी स्टूल ओढून पॅनेलसमोर बसले. तिथे बसून माझा काहीच उपयोग नव्हता, पण उठवलं असतं तरी मी उठले नसते.

बाहेर आंब्याखाली पंगत बसली. दत्ताभाऊंची माणसं कुणी लातूरची, कुणी बीडची, एक रत्नागिरीकडचा. गोळाभात पहिल्यांदा खात होती. कुंदा तेल वाढत होती आणि मिलिंदराव, कामगारांची भर दुपारी सक्तीची विश्रांती बघून, अतिशय प्रसन्न होते. हे आमच्या काळी मिळालं असतं तर दोन संप वाचले असते, असं म्हणाले. रत्नागिरीवाल्यानं तीनदा भात घेतला. गाणी झाली, पत्ते झाले, दोघंजण चक्क घोरले. मला आत ताट आणून दिलं होतं. ते तसंच राहिलं.

एकदा ट्यूबलाइट थरथरली. प्राजक्ताचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला. लांब कुठेतरी काहीतरी चालू झालं असेल. पण पंखा फिरत राहिला. त्या क्षणी मला आमचं केंद्र आठवलं, तिथे आत्ता दुपारच्या पाळीवर बसलेली पोरं आठवली, आणि मी मनात म्हटलं, बाबांनो, आजच्या दिवस नीट धरून ठेवा, इथे आपल्या घरचं कार्य आहे.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जाळी तेलात बुडाली. भपकन धूर आला, सगळे दारात जमले. शाफ्ट निवले, परत थोडे तापवून शांत केले, मग प्राजक्तानं त्यातला एक पुसून हातात घेतला. कडक झाला की नाही हे बघायची कारखान्यातली जुनी रीत अशी, की त्यावर कानस घासायची. कानस धरली तर लोखंड कच्चं, घसरली तर पक्कं. मला वाटलं ती स्वतः घासेल. तिनं शाफ्ट आणि कानस दोन्ही दत्ताभाऊंच्या हातात दिलं.

त्यांनी शाफ्ट लोखंडी शिकंज्यात अडकवला आणि जोर लावून कानस ओढली. ती काचेवरून सरकावी तशी सरकली. दुसऱ्या टोकाला घासली, मधे घासली. शाफ्टवर ओरखडा नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कारण या गावात या पोरीच्या कामावर सगळ्यात जास्त राग त्यांचाच होता.

"पोरी," ते म्हणाले, "माझ्या प्रेसच्या पिना लई लवकर झिजतेत. त्या करून देशील का?"

प्राजक्ता मान हलवून हो म्हणाली. मी थंड झालेला भात खायला बसले.

रहाटणी, गुरुवार

गुरुवारी मला त्या गावाचा खरा रविवार बघायला मिळाला. सकाळपासून गल्लीत मसाल्याचा वास, गॅलरीत वाळत टाकलेले कंपनीचे गणवेश, नळाशी गाड्या धुणारी माणसं. दुपारी जयभीम करत पाहुणे येत राहिले. मटणाचा रस्सा आमच्यापेक्षा कमी तिखट होता. मी तसं म्हटल्यावर कुंदानं माझ्या वाटीत अजून एक पळी घातली. मिलिंदराव दिवसभर खुर्चीतून उठले नाहीत. प्राजक्ता मात्र सकाळपासून झोपली होती, जेवायलासुद्धा हाक मारून उठवावं लागलं.

दत्ताभाऊंचं पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. आमच्या जुन्या संचाचंही नाही. पेट्रोलची टाकी आणि कोळसा, दोघांच्या मागे काळ लागलाय, आणि तो काही मासवडी खाऊन परत जाणाऱ्यांतला नाही. पण पिना कराव्या लागतातच, आणि आमच्याकडची हुशार पोरंही काहीतरी करतीलच, असं त्या दिवशी तरी मला वाटत होतं.

परतीच्या वाटेवर

शुक्रवारी गाडी सुटून बराच वेळ झाल्यावर प्राजक्ताचा फोन आला. नमुना पास झाला होता. कंपनीनं तिथल्या तिथे पुढचा लॉट घेऊन जा म्हणून सांगितलं. ती सरळ शेडीवर गेली होती आणि आबांना सांगितलं होतं की गोदामवाल्याला नाही म्हणा. शाफ्ट भट्टीत चढले होते.

ती भरभरून सांगत होती आणि मी डब्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हो हो करत होते. तेवढ्यात फोनमध्ये तिच्या पाठीमागे जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली.

दाण् असा एक आवाज आला. मग शांतता. मग दुसरी प्रेस. पुन्हा शांतता. तिसरी. मी फोन कानावर दाबून धरला होता. चौथी चालू झाली, आणि प्राजक्ता बोलतच होती, आणि तिच्यामागे भट्टीचा पंखाही फिरतच होता.